उसावर आलेला ड्रोन

ड्रोनचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा सासूबाईंच्या डोक्यावर पाणी ओतत होते. तासगावपासून थोडं आत, मळ्यातच आमचं घर आहे. न्हाणी घराच्या मागच्या बाजूला. विटांच्या खांद्याएवढ्या भिंती आणि वर मोकळं आभाळ. पलीकडे ऊस. उसातून कोण बघणार, म्हणून छपराची गरज आजवर कुणाला वाटलीच नव्हती.

सासूबाई पाटावर डोळे मिटून बसल्या होत्या, केसांना शिकेकाई लावलेली. आधी मला वाटलं, कुठंतरी आग्या मोहोळ उठलं. मी वर पाहिलं. ऐन डोक्यावर चार हातांचं एक काळं यंत्र आभाळात थांबलं होतं. पुढं जात नव्हतं, मागं जात नव्हतं. त्याच्या पोटाखाली काचेचा एक गोळा होता आणि तो हळूहळू फिरत होता.

"काय गं? माशा हायत का?" सासूबाईंनी डोळे न उघडताच विचारलं.

"न्हाई आत्ती, हेलिकॉप्टर हाय."

"एवढं खाली?"

मी ओलं लुगडं त्यांच्या अंगावर ओढलं, स्वतः त्यांच्यावर वाकले आणि तशीच राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. शिकेकाई त्यांच्या डोळ्यांत उतरली तशा त्या ओरडल्या, तेव्हा मी भानावर आले. वर पाहिलं तर आभाळ रिकामं होतं.

माझं माहेर कोयनानगर, भूकंपाचा मुलूख. वडील प्रकल्पावर ड्रायव्हर होते. आम्ही पोरं कॉलनीत वाढलो. फळीवरची भांडी वाजली की हातातलं टाकून बाहेर पळायचं, हे आम्हाला बाराखडीच्या आधी शिकवलेलं. बाहेर मोकळ्यावर आलं की जीव वाचला. त्या दिवशी मी मोकळ्यावरच उभी होते आणि पळायचं कुठं ते कळत नव्हतं. अंगणात जायचं धाडस होत नव्हतं.

पुढचे काही दिवस ते रोज आलं. कधी सकाळी, कधी उन्हं उतरल्यावर. कुणाचं, कशासाठी, गावात कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलं की माणसं जे करतात ते आमच्या गावानं केलं. मोबाइलवर कुठल्या कुठल्या गावांतले व्हिडिओ फिरायला लागले. चोर आधी ड्रोन सोडून घरं बघून ठेवतात, कोणत्या घरात बाईमाणूस एकटं आहे ते टिपतात, असं जो तो सांगू लागला. बायका स्वयंपाकघरात मोरीवर अंघोळ उरकू लागल्या. कॉलेजला जाणाऱ्या पोरी गच्चीवर कपडे वाळत घालायला जाईनात. गडीमाणसं काठ्या घेऊन चौकात बसू लागली.

गौरी-गणपती जवळ आले होते. दरवर्षी सणाच्या आधी आमच्याकडे एक म्हातारी मुसलमान बाई बांगड्या भरायला यायची. माझ्या लग्नाचा चुडाही तिनंच भरलेला. त्या वर्षी ती वेशीवरूनच परत जात होती. कुणीतरी तिची टोपली उपडी करून तपासली होती. मी तिला गाठून घरी आणलं. तिच्या हातून भरताना कधी बांगडी पिचली नव्हती, त्या दिवशी दोन पिचल्या.

"पोरी, यवढी वर्सं आले," ती म्हणाली, "ह्या वक्ताला तुमच्या गावात पाय ठेवाया भ्या वाटतंय."

मलाही माझ्या घरात भीती वाटत होती.

मग एक दिवस धाकटे दीर बातमी घेऊन आले. बाहेरच्या एका खाजगी कंपनीनं उसावर ड्रोननं फवारणी करून द्यायचा धंदा काढला होता. गावातल्या काही मोठ्या बागायतदारांनी होकार दिला होता. छोटं यंत्र यायचं ते रानं मोजायला, औषधाची टाकी घेऊन मोठं येणार होतं ते पुढं.

"परवानगी घेतलीया म्हणं," दीर म्हणाले.

"कुणाची? मला तर कुणी इचारलं न्हाई. माज्या डोक्यावर येऊन थांबलं हुतं ते."

"वैनी, तुमी रागावू नगासा. पर मला इचाराल तर देव पावल्यागत हाय हे."

ते असं का म्हणत होते ते मला माहीत होतं. डोक्याच्या वर गेलेल्या उसात पाठीला पंप लावून शिरायचं, नळी वर धरायची आणि औषध परत आपल्याच तोंडावर घ्यायचं, हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं होतं. एकदा तसेच उसात पडले. आम्ही त्यांना पायाला धरून ओढत बाहेर काढलं तेव्हा त्यांच्या तोंडातून फेस येत होता आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तासगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जाऊबाईंना बाहेर बसवलं, तेव्हा त्या माझा दंड धरून होत्या. ते वळ कितीतरी दिवस माझ्या दंडावर होते. असा माणूस जेव्हा म्हणतो की यंत्र येऊ दे, तेव्हा त्याला काय सांगायचं?

मी न्हाणीवर पत्रे घालून घेतले.

माझे यजमान तेव्हा सीमेवर होते, फौजेत. आमच्या भागात घरटी एखादा फौजी असतोच. फोन आला की इकडचं सगळं चांगलं सांगायचं, ही आमच्यासारख्या बायकांची रीत. मी त्यांना ड्रोनबद्दल काही बोलले नव्हते. पण एका दुपारी अंगणातून बोलत असताना तो आवाज आला. मला वाटलं, एवढ्या लांब त्यांना काय ऐकू जाणार.

ते बोलता बोलता थांबले.

"त्यो आवाज कसला?"

"कंपनीचा ड्रोन हाय. उसावर फवारायचं म्हणत्यात."

"एक हाय का लय हायत?"

"एकच की. आवं, पर—"

"आत जा. आईला घे आन् आत जा. खिडकीजवळ थांबू नगं. आत जा म्हणतोय न्हवं!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, ते माझ्यावर कधी असे ओरडले नव्हते. मी आत गेले. सासूबाईंना आतल्या खोलीत नेऊन बसवलं. फोन कानाला तसाच होता. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, पळून आल्यासारखा. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "गेला का?" मी म्हटलं, "गेला." त्यांनी फोन ठेवला.

तोवर मी चोरांना भीत होते, कुणी बघतंय म्हणून भीत होते. त्या दिवसापासून मला त्यांच्या त्या श्वासाची भीती बसली.

गौरी-गणपतीला ते सुट्टीवर आले. वाळले होते. जेवताना पाठ भिंतीला लावून बसायचे. कुणाच्या घरी मिक्सर सुरू झाला की घास हातात राहायचा. मी विचारलं तर म्हणायचे, "काय न्हाई, परवासाचा शीण हाय." सासूबाईंना एवढंच दिसत होतं की पोरगा मोदक खात नाही.

गौरी गेल्या, आणि एका सकाळी आम्ही दोघं घरालगतच्या द्राक्षबागेत ठिबकच्या नळ्या बघत फिरत होतो. छाटणी अजून व्हायची होती. वेलींची पानं पिवळी पडत आली होती. बागेला लागून शेजाऱ्यांचा ऊस. त्या दिवशी तिथं फवारणी आहे हे फक्त ज्याचा ऊस त्यालाच माहीत होतं. बाकी कुणाला कंपनीनं सांगितलं नव्हतं.

मला आवाज ऐकू यायच्या आधी त्यांना आला. हातातली नळी सुटली. मी काही विचारायच्या आत त्यांनी मला मानेला धरून खाली दाबलं आणि माझ्यावर आडवे झाले. माझं तोंड चिखलात गेलं.

"हलू नगं. त्वांड खाली."

"आवं, फवारणीचा हाय त्यो..."

"गप!"

त्यांचं काळीज माझ्या पाठीवर धडधडत होतं. डोक्यावरून तो मोठा आवाज गेला, उसाच्या टोकाला जाऊन वळला, परत आला. वेलीची पानं फडफडली. औषधाचा उग्र वास खाली उतरला आणि माझ्या घशात आग झाली. मी शेतात होते, माझ्याच बागेत, माझ्या नवऱ्याच्या अंगाखाली. आणि मला पक्कं वाटलं की आता आपण मरणार. त्यांना ज्याची भीती वाटत होती ते काय असतं हे मी कधी पाहिलं नव्हतं, तरी वाटलं.

मग पाठीवरचं ओझं गेलं. मान वळवून पाहिलं तर ते कोपरांवर सरपटत वेलींच्या ओळीतून द्राक्षं वाळवून बेदाणा करायच्या शेडकडे निघाले होते. शेडच्या खांबाला मक्यावरची पाखरं हाकायची गोफण अडकवलेली असायची. त्यांनी ती घेतली आणि दगड लावला.

"आवं, नगा! आत्ती तिकडं हायत!"

सासूबाई मागच्या दारात सूप घेऊन मटकी निवडत बसल्या होत्या. ड्रोन बांधावर वळायला खाली आला होता. पहिला दगड पलीकडे गेला. दुसरा लागला. काहीतरी तुटल्याचा कडकन आवाज झाला. यंत्र एका अंगावर कललं, गरगरत आमच्या हद्दीत आलं आणि गोठा आणि मागचं दार यांच्या मधोमध पडलं. टाकी फुटली. पांढरं औषध जमिनीवर पसरत सासूबाईंच्या पायांपर्यंत गेलं. एक पातं अजून फिरत होतं आणि मातीत खड्डा पाडत होतं. गाय दावं तोडायला बघत होती.

सासूबाई हलल्या नाहीत. सूप मांडीवर धरून तशाच बसून होत्या. मी पळत जाऊन त्यांना काखेत धरून उठवलं, हौदावर नेलं आणि पायांवर पाणी ओतत राहिले. त्यांना कुठं लागलं नव्हतं.

तेवढ्यात उसाच्या बाजूनं एक माणूस धावत आला. तिशीचा असेल, गळ्यात रिमोट अडकवलेला, चेहरा पांढराफटक. "कुणाला लागलं का? कुणाला लागलं का ओ?" एवढंच तो म्हणत होता. आणि त्याच्या पाठोपाठ गावाच्या बाजूनं आरडाओरडा आला. "घावला रं! चोर घावला! धरा!"

त्या माणसानं मागं वळून पाहिलं. बांधावरून काठ्या घेतलेली माणसं येत होती. तो आमच्या शेडमध्ये शिरला.

हंगाम नसल्यामुळे शेड रिकामी होती. मी आत गेले तर तो रॅकच्या मागं, हिरव्या जाळीत अंग चोरून बसला होता. त्यानं खिशातून फोन काढला आणि न लावताच परत ठेवला.

"ताई, आमच्या घरात एवढ्यात काही सांगू नका," तो म्हणाला. "आईला सोसायचं नाही. मला कंपनीनं सांगितलं होतं ओ, गावाला कळवलंय म्हणून. आईशप्पथ, तसंच सांगितलं होतं."

मी त्याला तांब्याभर पाणी दिलं. निम्मं त्याच्या शर्टावर सांडलं. बाहेर माणसं दारापाशी पोचली होती. ह्या पत्र्याला एक धक्का दिला की शेड उघडी पडेल आणि ह्याला आपल्या डोळ्यांसमोर मारतील, हे मला दिसत होतं. त्यांना ओळखत होते मी. सगळी आमचीच माणसं होती, हळदी-कुंकवाला, बारशाला येणाऱ्या घरांतली. त्या क्षणी त्यांच्यातला एकही चेहरा मला ओळखीचा वाटला नाही.

जाळीतून मला यजमानांची पाठ दिसली. अंगभर चिखल, हातात अजून गोफण. ते दारात उभे राहिले होते.

"फौजी, बाजूला व्हा," एकजण म्हणाला. "आमच्या बायकांचं फोटू काढतोय त्यो."

"यंत्र मी पाडलंय. काय इचारायचं ते मला इचारा."

"लय चांगलं केलंसा. आता त्येला आमच्या ताब्यात द्या."

"न्हाई."

"चोर हाय त्यो!"

"चोर न्हाई. फवारायला आलाय."

"तुमाला काय ठावं?"

"ठावं नव्हतं म्हणून तर पाडलं मी!" ते ओरडले. आवाज फाटला. "माजी आई हितं बसली हुती. हातभर अलीकडं पडलं आसतं तर? ठावं नसताना दगड मारला मी. आता तुमी ठावं नसताना काठी मारू नगासा."

कुणी मागं सरलं नाही. ते दारात तसेच उभे होते आणि पाठीमागं नेलेल्या हाताला गोफणीची दोरी आवळून गुंडाळत होते, ते मला मागून दिसत होतं. समोरच्यांना ते दिसू नये म्हणून मी आत उभी राहून देवाचा धावा करत होते. शेवटी दीर सरपंचबाईंना मोटारसायकलवर मागं बसवून घेऊन आले. ज्यांचा ऊस होता तेही आले. हा माणूस आपणच बोलावला म्हणून त्यांनी सांगितलं तेव्हा एकेक काठी खाली झाली.

दुसऱ्या दिवशी कंपनीची गाडी आली. पडलेलं यंत्र गोळा केलं, फोटो काढले आणि आम्ही पोलिसांत तक्रार करणार, असं कंपनीची माणसं सांगून गेली. मग शाळेत सभा भरली. यजमान आले नाहीत. ते आतल्या खोलीत अंथरुणावर बसून होते.

कंपनीचा साहेब समजूतदारपणे बोलला. मजूर मिळत नाहीत, विषबाधा टळते, औषध कमी लागतं. खोटं काही नव्हतं त्यात. दीर उठले आणि त्यांनी स्वतःची कहाणी सांगितली, उसात पडल्याची. "माज्या वैनीचं घर हाय, माज्या भावानं पाडलंय, तरीबी मी म्हणतो, हे बंद करू नगा," असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मला बोलायचं नव्हतं. पण साहेब म्हणाला, "आमच्याकडे सगळे परवाने आहेत, मॅडम," आणि मी उभी राहिले.

"साहेब, परवाना तुमच्याकडं आसंल. पर माज्या घरावर तुमी आला तवा मला काय कळावं? त्यो चोर हाय, का फवारणीवाला, का दुसराच कोण? वर बघून परवाना दिसतो व्हय? तुमी एक शबूद आधी सांगितला आसता तर म्हाताऱ्या बांगडीवालीची टोपली उपडी झाली नसती. तुमचा माणूस आमच्या शेडात लपला नसता. आन् माजा नवरा..."

सरपंचबाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला.

बरीच भांडणं झाली. काहींना कायमची बंदी हवी होती. शेवटी ठरलं ते असं: आदल्या संध्याकाळी मंदिराच्या आणि मशिदीच्या भोंग्यावरून सांगायचं. घरावरून, शाळेवरून उडवायचं नाही. उडवणाऱ्यानं बांधावर सगळ्यांना दिसेल असं उभं राहायचं. गावचा एक माणूस सोबत असायचा. कंपनीनं तक्रार केली नाही. त्यांनीही गावाला न कळवता उडवलं होतं, हे बहुधा त्यांच्या लक्षात आलं असावं.

घरी आले तर यजमान तसेच बसलेले. मी शेजारी बसले. त्यांनी आपणहून सांगितलं, थोडंच. तिकडे एका संध्याकाळी असाच आवाज आला होता. त्यांच्या शेजारचा जोडीदार मान वर करून म्हणाला होता, आपलाच असेल. एवढं सांगून ते थांबले. पुढं काय झालं ते मी विचारलं नाही, अजूनही विचारलेलं नाही.

सुट्टी संपायच्या आतच दीर त्यांना फौजेच्या दवाखान्यात घेऊन गेले. उपचार झाले. त्यांना सीमेपासून लांब, मागच्या ठाण्यावर, स्टोअरच्या कामावर ठेवलं. नोकरीची उरलेली वर्षं तिथं काढून ते आता घरी आले आहेत. झोप लागते. मिक्सर चालतो.

गावात ड्रोन येतो. नियम बहुतेक पाळतात. दिरांच्या उसावरही तोच फवारतो आणि त्यांच्या अंगाला आता औषधाचा वास येत नाही, हे मला मान्य करावं लागतं. पण आदल्या संध्याकाळी भोंग्यावर सूचना आली की मी पिशव्या काढून ठेवते. फवारणीच्या दिवशी आम्ही दोघं सकाळच्या एसटीनं सांगलीला जातो. काहीतरी काम काढायचं. हळद आणायची, गूळ बघायचा. मग कृष्णेच्या घाटावर बसायचं आणि उन्हं कलल्यावर परतायचं.

मागच्या महिन्यात असेच बसलो होतो. घाटावर एक जोडपं नवे कपडे घालून उभं होतं, लग्नाआधीचे फोटो काढून घेत होतं. फोटोग्राफरनं पायरीवर बॅग उघडली, आतून ते छोटं यंत्र काढलं आणि काही कळायच्या आत ते नदीवर उठलं.

यजमानांनी माझं मनगट धरलं. बांगडी पिचली आणि काच रुतली. मी उठून फोटोग्राफरला सांगायला निघाले, तर त्यांनी सोडलं नाही.

"बस. सांगू नगंस."

"आवं, पर..."

"त्येचं काम हाय त्ये. बस."

ते डोळे न मिटता बघत राहिले. कपाळावरून घाम वाहत होता. यंत्र पात्रावर लांब गेलं, फिरलं, परत आलं, आमच्या डोक्यावरून गेलं तेव्हा त्यांनी मान खाली घेतली, पण ते आडवे झाले नाहीत. नवरी हात हलवून हसत होती. मला तिचा राग आला आणि तिची भीतीही वाटली, तिला काहीच ठाऊक नव्हतं म्हणून.

यंत्र उतरलं. त्यांनी हात सोडला आणि माझ्या मनगटावरचं रक्त पाहिलं. खिशातून रुमाल काढून बांधला, गाठ दोनदा चुकली.

"लय लागलं?"

"न्हाई."

"चल मग. च्या घिऊ कुठंतरी आत बसून."

आम्ही पायऱ्या चढलो. वर पोचेपर्यंत दोघांपैकी कुणीही मागं वळून पाहिलं नाही.